सहाच्या जागी नऊ

आमची आत्या ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला आहे. रस्त्यालगतच्या लोखंडी फळीवर ट्रक चढतो, काट्याच्या केबिनमधल्या खोक्यावर लाल आकडा उमटतो, आत्या तो संगणकात मारते आणि पावती काढते. रिकाम्या गाडीची एक, भरलेल्या गाडीची एक. बारा वर्षांत तिची पावती चुकली नाही, हे ती स्वतः कधीच सांगत नाही. सांगायला अख्खी रांग उभी असते. बाईंची पावती म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ड्रायव्हर लोक म्हणतात, आणि म्हणताना उगाचच घसा खाकरतात.

दुपारी रांग संपली की आत्या चपला काढून स्वतः फळीवर उभी राहायची आणि मान वाकडी करून काचेतून आकडा बघायची. नव्वद. तो काटा दहा-दहा किलोंच्या उड्या मारतो, त्यामुळे ती जेवून आली काय आणि उपाशी आली काय, नव्वदच. बाबांनी घरात साधा काटा आणायचं सुचवलं, तर म्हणाली, खेळण्यांवर माझा विश्वास नाही.

तिला थायरॉइड आहे. पाच वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. डॉक्टरीणबाई प्रत्येक वाक्य झोपलेल्या बाळाशेजारून चालल्यासारखं बोलतात: गोळी चुकवायची नाही, चालायचं, वजन उतरेल, हळूहळू. ‘हळूहळू’ हा शब्द आत्याला जन्मापासून सोसत नाही. त्यातच एका ड्रायव्हरने विचारलं की गाडी मोजताना बाई केबिनमध्येच बसतात ना, आकड्यात धरत नाहीत ना? सगळे हसले, आत्याही हसली. मग त्याची पावती तिने अशी फाडली की कोपरा यंत्रातच राहिला.

त्याच आठवड्यात तिला सळई भेटली. सळई म्हणजे कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या ताई; बांधा तसा, म्हणून नाव तसं. श्वास न घेता बोलतात. अहो ताई हे औषध नाहीच मुळी हे सप्लिमेंट, तुमचा थायरॉइड आळशी झालाय त्याला नुसतं ढोसायचं, चरबी लोण्यासारखी वितळते, माझ्या नणंदेच्या जाऊबाईंना विचारा. नणंदेच्या जाऊबाईंना कोणी विचारलं नाही. बाटली आत्याच्या टेबलाच्या खणात, पावत्यांच्या कागदाखाली गेली. डॉक्टरांची गोळी सकाळी, सळईची कॅप्सूल दोनदा.

तिसऱ्या आठवड्यापासून आत्या भरधाव सुटली. आपलं वाक्य अर्धं व्हायच्या आत ती ते पूर्ण करून त्यावर चिडायचीही. पंखा पाचवर, तरी घाम. रात्री झोप नाही, सकाळी जिना चढताना मांड्या भरून यायच्या. बाबांनी विचारलं, ताई, तुझा हात का थरथरतो? चहा गरम आहे म्हणून, म्हणाली. कपात पाणी होतं.

पण सहाव्या आठवड्यात काट्याने उडी मारली. ऐंशी. आत्याने त्याच उत्साहात सळईकडून दुसरी बाटली आणली.

दोन दिवसांनी पलीकडच्या गोदामातून फोन आला. दाढीवाले मामा नावाचे एक जुने ड्रायव्हर रद्दी घेऊन गेले होते. पावतीवर एकोणीस हजार दोनशे चाळीस किलो, गोदामाच्या काट्यावर सोळा हजार दोनशे चाळीस. तीन टन रद्दी वाटेत कुठे गेली? पावती बघून घ्याल का, असं गोदामवाल्याने विचारलं. आत्याने संगणकात नोंद बघितली, एकोणीसच होते. माझी पावती चुकत नाही, म्हणाली आणि फोन ठेवला. रद्दी चोरली म्हणून गोदामवाल्याने मामांकडची गाडी त्याच दिवशी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका रेतीच्या गाडीचा आकडा मारताना तिने सहा दाबला आणि पडद्यावर नऊ आला. पुसून पुन्हा दाबला. पुन्हा नऊ. सहाच्या वरच नऊची कळ. बोट थरथरून वर सरकत होतं. त्या नवाकडे बघताना तिला मामांचे एकोणीस आठवले. मग रेतीची पावती डाव्या हाताने काढली, फाटक बंद केलं, खणातल्या दोन्ही बाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि मालकांच्या खोलीत गेली.

मालक भला माणूस, आणि भांडणाला घाबरणारा. म्हणाले, मशीन जुनंच आहे बाई, मशीनवर ढकलू, कोण तपासायला येतंय.

“मशीन बरोबर होतं,” आत्या म्हणाली. “बोट माझं होतं. तसंच लिहून द्या.”

असं लिहून दिलं तर उद्या या काट्यावर गाडी कोण आणेल, आणि तुम्हाला तरी मी कसं ठेवू, असं मालकांनी विचारलं. ते तुम्ही ठरवा, पण पत्र आत्ता हवं, म्हणून ती त्यांच्यासमोर बसली ती बसलीच. पत्र मिळालं. ते घेऊन ती स्वतः मामांच्या घरी गेली. मामांनी दोनदा वाचलं, घडी घातली.

“मी घसा फोडून सांगत होतो, बाई. पण पावती तुमची, म्हणून माझं कोणी ऐकलं नाही.”

आत्याने मान खाली घातली नाही. चूक माझी, म्हणाली, आणि गाडी परत मिळेपर्यंत रोज गोदामात जाऊन उभी राहीन. दोन दिवस गेलीही. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली.

मधल्या एका संध्याकाळी तिने दोन्ही बाटल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या. नाडी एकशे अठरा. बाटलीवर ‘ग्रंथीपोषक मिश्रण’ एवढंच; आत काय आणि किती, काही नाही. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच भरभर बोलल्या: यात थायरॉइडचं हार्मोनच असू शकतं, त्यावर तुमची गोळी, म्हणजे छातीत घोडे. गेली ती नुसती चरबी नव्हे, मांड्यांचं मांसही गेलं. आत्याला ट्रकच्या भाषेत लगेच कळलं: माल उतरवायचा सोडून कोणी गाडीच्याच फळ्या काढून नेत होतं. कॅप्सूल त्याच दिवशी बंद. रक्त तपासायचं, ईसीजी काढायचा, नेहमीच्या गोळीचं डॉक्टर सांगतील तसंच. थरथर जाईल का? जाईल, बाई म्हणाल्या, आणि ‘हळूहळू’ म्हणायला जरा कचरल्या.

सळईने हाक मारली तेव्हा आत्याने पार्लरमध्ये बसलेल्या सगळ्या बायकांसमोर आपला हात पुढे धरला आणि एवढंच सांगितलं की आधी डॉक्टरांना बाटली दाखवा.

मालकांनी तिला कामावर ठेवलं, एक महिना बघू म्हणून. दर आकडा दुसऱ्या माणसाने वाचायचा, ही अट मात्र तिने स्वतःच घातली. सोमवारी पहिलीच गाडी दाढीवाल्या मामांची. तिने त्यांना केबिनमध्ये बोलावलं, खोक्यासमोर उभं केलं.

“वाचा.”

“एक.”

“एक.”

“सहा,” मामा म्हणाले आणि थांबले.

आत्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, बोट टेकवलं, पडदा बघितला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग तिच्या मागचीने. तिने वर बघितलं नाही.

“सहा. पुढचा?”