नागोरावांचा दर्या

नागोरावांच्या फोटोच्या दुकानात पाऊल टाकलं की ते आधी फोटो कुणाचा काढायचा हे विचारीत नसत. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवीत आणि म्हणत, "दर्या पाहिला का कधी?" गिऱ्हाईक मुदखेडचं असो की हदगावचं, उत्तर ठरलेलं असे, "न्हाई जी." मग नागोराव त्याच्याकडे असं बघत की त्या बापड्याला फोटो काढायला आल्याचीच लाज वाटावी. "मग काय पाहिलं जिंदगीत? बसा. मान वर करा. एवढी न्हाई."

निजामाच्या अमदानीतलं आमचं नांदेड. मी शाळेत चित्रकला शिकवीत होतो आणि फावल्या वेळात नागोरावांना फोटोमागचे पडदे रंगवून देत होतो. दुकानाच्या भिंतीवर त्यांचे सात-आठ मोठे फोटो होते. खडकावर फुटणारं पांढरं पाणी, मागे नुसतं धुकं, आणि त्या धुक्यातून वळणारी पांढरी पाखरं. प्रत्येकाखाली मराठीत आणि उर्दूत एकच शब्द: मुंबई. तिथे एका उस्तादाकडे हुनर शिकताना काढलेले, असं ते सांगत. दर थंडीत त्यात एखाद्या नव्या फोटोची भर पडे. "जुनी काच होती, आज धुतली," म्हणत; तेव्हा फोटो काचेवर निघत. इतकी वर्षं न धुता काच टिकते कशी, हे विचारायचं मला सुचलं नाही. उलट त्या फोटोंवरून मी समुद्राचा एक भला मोठा पडदा रंगवला. त्याच्यापुढे उभं राहून निम्म्या नांदेडनं फोटो काढून घेतले.

माणूस मला मनापासून आवडत नसे. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत, टोपी तिरकी, आणि जिभेवर गावाची निंदा. "हे गाव म्हणजे विहीर, मास्तर. अन् आपन बेडकं. तुमी तर शिकलेलं बेडूक." थंडीत पहाटे मात्र ते खांद्यावर घोंगडी टाकून, घोंगडीखाली काहीतरी लपवून गंगेवर जाताना दिसत. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. कुठं निघालात म्हटलं तर उत्तर यायचं, "जपाला." या तोंडाळ माणसाला देव कसा सहन करतो, याचं मला नवल वाटे.

आमच्या गल्लीत एक वकीलसाहेब राहत. त्यांच्या आईला सगळा मोहल्ला अम्मा म्हणे. अम्मा मूळच्या कोकणातल्या, रत्नागिरीकडच्या. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन नांदेडला आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. त्या मार्गशीर्षात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू दिलं नाही, आणि अम्मांनी तर एकच धोशा लावला होता, दर्या बघायचा. वकीलसाहेब नागोरावांकडे आले. "जिवंत दर्या तर मी आणू शकत नाही. तुम्ही मुंबईला जा, ताज्या तसबिरी काढून आणा. सोबत मास्तरांना न्या."

नागोरावांचा चेहरा पडला. "हेच मोठे करून देतो की साहेब," म्हणून त्यांनी भिंतीकडे बोट केलं. वकीलसाहेब ऐकेनात. मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबईला पोचलो. वाटेत करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर शिपायानं काचांची पेटी उघडायला सांगितली, तेव्हा नागोराव त्याच्यावरही गुरकावले, "उजेड लागला की दर्या जळतो, मालूम हाय का?"

चौपाटीवर पहिल्या दिवशी त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. वाळूच्या कडेला उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, उस्तादाचं घर कुठं होतं? "पाडलं असंल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन डझन काचा झाल्या. लाट आली की ते दचकून मागे सरत, ती परतली की पुढे जात, आणि तेवढ्यात पाखरं उडून जात. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वरळीच्या खडकांवर गेलो. पाणी लांबवर गेलेलं, खडक उघडे पडलेले. त्यांनी अगदी पुढच्या खडकावर तिपाई मांडली. पाखरं यायला वेळ होता, म्हणून आम्ही चहाला निघालो. कॅमेरा ते जिवापलीकडे जपत, तो बरोबर घेतला. तिपाई आणि कालच्या काचांसकट पेटी तिथेच ठेवली.

रस्त्यात एक कोळीण भेटली. "अवो, सामान उचला तुमचं. पाणी चढतंय."

नागोराव हसले. "मार्गशीर्षात पूर येतो का बाई कुठं? श्रावण सरला कवाच."

कोळीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "दर्या बघितला न्हाय काय कवा?" 

दहा वर्षं ज्यानं सगळ्या गावाला हा प्रश्न विचारला, त्याला तो कोणीतरी विचारला. चहा पिऊन आलो तर खडक नव्हता. तिपाईचं एक टोक तेवढं दिसत होतं, मग तेही दिसेना. खरं सांगायचं तर मलाही भरती-ओहोटी पुस्तकातूनच ठाऊक. पण मी कधी शेरवानी घालून कुणाला बेडूक म्हटलं नव्हतं.

नव्या काचा घ्यायला पैसे उरले नव्हते. परतीच्या गाडीत मी विचारलं, "मग भिंतीवरचे फोटो कुठले?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गंगेवरचे. खालच्या घाटाजवळ खडकं हायत न्हाई का, तिथले. धुकं पडलं की पल्याडचा काठ दिसत न्हाई." मला इतका संताप आला की मनमाड येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. माझा पडदाही खोटा, त्याच्यापुढे उभी राहिलेली सगळी नवरा-नवरीही फसलेली! घरी आल्यावर त्यांनी तेच जुने फोटो मोठे केले आणि वकीलसाहेबांकडे निघाले. मी त्यांना अडवायला हवं होतं. म्हातारीची शेवटची इच्छा होती ती. पण मला नागोरावांची फजिती बघायची होती, म्हणून मी मागोमाग गेलो.

अम्मांनी एक-एक फोटो डोळ्यांजवळ नेला. वय झाल्यामुळे त्या आमच्यापासून पडदा करीत नसत. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "नागोराव, दर्याचं पाणी येतं अन् जातं. हे नुसतंच जाऊन राहिलंय."

नागोरावांनी टोपी काढली. मी त्यांना पहिल्यांदाच बोडकं पाहिलं.

"ही गंगा हाय," अम्मा म्हणाल्या. "पण ही पांढरी पाखरं, ह्या कुरवा, खऱ्या हायत. आमच्याकडच्याच. ह्या इथं येतात?"

"येतात, अम्मा. थंडीभर."

"कवापासून?"

"म्या तर दहा वर्षं बघून राहिलोय."

अम्मा फोटो छातीशी धरून बसल्या. "पन्नास वर्षांत मला कुणी सांगितलं न्हाई," म्हणाल्या. माझ्या मनातला फजितीचा आनंद तिथेच विझला. या माणसानं स्वतःची ऐट टिकवायला माहेरचं पाखरू अम्मांपासून लपवून ठेवलं होतं. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी अम्मांना पडदा लावलेल्या टांग्यातून थेट घाटापर्यंत नेलं. धुकं होतं. अम्मांनी पडद्याबाहेर हात काढून लाह्या उधळल्या आणि कुरवा खाली आल्या, ओरडत, एकमेकींच्या अंगावर पडत. अम्मा हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नागोराव कॅमेरा बंद ठेवून टांग्याच्या चाकाला टेकून उभे होते. अम्मा एकदम माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी तर रोज ह्या घाटावर अंघोळीला येता. तुमाला दिसल्या न्हाईत?"

वीस वर्षं मी तिथे अंघोळ करीत होतो आणि श्लोक म्हणत होतो.

होळीच्या आधी अम्मा गेल्या. मला वाटलं, आता तरी नागोराव सुधारतील. महिन्याभरातच दुकानात पुन्हा ऐकू आलं, "दर्या पाहिला का कधी?" फोटोखाली पुन्हा 'मुंबई'. मी खडसावलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, नांदेड लिवलं तर कोन बघतंय?" मी त्यांना निर्लज्ज म्हटलं आणि पडदे रंगवायचं बंद केलं.

नागोराव गेल्यावर त्यांच्या बायकोनं त्यातला एक फोटो मला दिला. मी मोठ्या तत्त्वानं खालचा 'मुंबई' खोडला आणि बैठकीत लावला. पाहुणे येत, विचारीत, "कुठला हा?" मी सांगे, "आपल्या घाटावरचा." "हो का," म्हणत आणि चहाकडे वळत. वर्षभर हेच चाललं. मग एकदा निलंग्याचे व्याही आले. त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुंबईचा." ते उठले, चष्मा पुसला आणि फोटोपुढे कितीतरी वेळ उभे राहिले. त्यांचा चहा निवून गेला. मी मनातल्या मनात नागोरावांना शिव्या घालत बसलो होतो.