आमच्या छपरीतली दोन खात्रीची माणसं

आमच्याकडे किस्से कडुनिंबाच्या पानांसारखे साचतात. कोणी झाडत नाही म्हणून साचतात. सेलूतल्या आमच्या घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, दर रविवारी दोन चर्च येऊन बसतात. आईचा धाकटा भाऊ जोसेफमामा कॅथलिक, तो मिस्सा आटोपून येतो. बाबांचे थोरले भाऊ मोठेबाबा प्रोटेस्टंट मंडळीचे पंच, ते उपासना आटोपून येतात. मग जेवण, पंख्याची घरघर, डोळ्यांवर पेंग, आणि त्या पेंगेतच भांडण. दोन पंथ एका घरात आणले ते बाबांनी, लग्न करून. पण त्यांना काही विचारलं की ते पेपरचं पान उलटतात.

भांडण एकच. मी चार वर्षांचा असताना मला बहीण झाली. पौषातली सकाळ होती. चार तास जगली. नाव ठेवायचं राहिलं, बाप्तिस्मा द्यायचा राहिला. ती आता कुठे आहे, एवढंच आईला जाणून घ्यायचं आहे. वीस वर्षं झाली.

मामा म्हणतो, "स्वर्गाची चावी चर्चपाशी आहे. पाण्याबिगर दार उघडत नाई. असे लेकरं मधातच राह्यते, ना इकडं ना तिकडं. नियम आहे, मी थोडीच केला?"

मोठेबाबा म्हणतात, "पाण्यानं काय होते? देवानं ज्याले निवडलं त्याले निवडलं."

"मंग तिले निवडलं का?" आईनं एकदा स्वयंपाकघरातून विचारलं.

मोठेबाबांनी प्यायला पाणी मागितलं.

*

मोठेबाबांचं तारण, म्हणजे पापांतून सुटका होऊन स्वर्ग पक्का होणं, कोणत्या तारखेला झालं ते त्यांच्या बायबलच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं आहे. भेटेल त्याला विचारतात, "तुही खात्री आहे का?" एकदा दूधवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, "म्हशीचंच आहे काका, घरी येऊन पाहा."

गेल्या साली त्यांना नागपूरला अँजिओग्राफीला नेलं. आत नेताना त्यांनी मामाचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "जोसेफराव, तुमची ते रोझरी म्हणून टाका एकडाव. मंडळीत सांगू नका."

मामानं सांगितलं नाही. मी सांगितलं.

*

मामाची तऱ्हा वेगळी. बोअर कुठं मारायची हेसुद्धा तो फादरना विचारून ठरवतो. दोन वर्षांपूर्वी नवे फादर आले, तरुण. आमच्याच छपरीत चहा पिताना आईला म्हणाले, "बाई, ती मधली जागा ही जुनी समजूत होती. अशा बाळांना आपण आता देवाच्या दयेवर सोपवतो."

मोठेबाबा खुर्चीत सरळ झाले. "घ्या. अठरा वर्षं पोरीले उंबरठ्यावर बसवून ठेवलं, अन् आता रोमनं पत्ता बदलला."

मामा पुढचे दोन रविवार मिस्साला गेला नाही. मी विचारलं, "काऊन मामा, अधिकार मानतो ना तू?"

"मानतो ना. पण हे पोट्टं कालचं आहे."

*

खात्री शोधायला मीपण गेलतो. बारावीनंतर, सेमिनरीत. आईला वाटलं, घरचाच माणूस फादर झाला तर आतली बातमी आणेल. दुसऱ्या वर्षी वर्गात हात वर करून बहिणीचं विचारलं. आमचे सर पुस्तक मिटून शांतपणे म्हणाले, "हा प्रश्न पेपरला येत नाही."

मी बॅग भरली. घरी आल्यावर मामा आणि मोठेबाबा दोघांनीही मला वाया गेलेला ठरवलं. वीस वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.

*

आई वाद घालत नाही. तिला स्वप्न पडतं. बोर धरणाचं पाणी, पलीकडे धुकं, धुक्यात जंगल. पलीकडच्या काठावर माझी बहीण उभी असते. दर वर्षी थोडी उंच झालेली. केस ओले. ती काही मागत नाही, फक्त म्हणते, "आई, थंडी लागून राह्यली." मध्ये पाणी असतं, आणि आईला पोहता येत नाही.

म्हणून आई दर हिवाळ्यात एक स्वेटर विणते, आधीच्यापेक्षा मोठा. जुना कोणाला तरी देऊन टाकते. मोठेबाबा म्हणतात, मेलेल्यांसाठी काही करणं शास्त्रात नाही. मामा म्हणतो, तिच्या नावानं मिस्सा ठेवली असती, पण बाप्तिस्मा झालेला नाही. दोघांच्याही अंगात आईनंच विणलेले स्वेटर असतात.

*

या डिसेंबरात शेवंतामावशी आल्या. माझ्या बहिणीच्या वेळी दवाखान्यात त्याच नर्स होत्या. नंतर त्यांची बदली झाली. आता रिटायर होऊन त्यांनी हिंगणीला घर बांधलं, त्याचं बोलावणं करायला आल्या. रविवार होता. छपरीत नेहमीचं चाललेलं. मावशींनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "पाणी तं मी टाकलं होतं न तिच्यावर."

मामा आणि मोठेबाबा दोघंही मावशींकडे वळले, तशा त्या सांगू लागल्या.

"ह्या बाई बेहोश होत्या. पण आधी दहा डाव बोलल्या होत्या, काई झालं तं पाणी टाकजो म्हणून. मी टाकलं."

"अन् इतके वर्षं सांगितलं नाई?" मामा.

"मले कोणी विचारलं? तुमी एकमेकाइलेच विचारून राह्यले."

मामा पुढे सरकला. "शब्द कोणते म्हटले? शब्द महत्त्वाचे आहेत."

"आमी विहारात म्हणतो तेच. मले तुमचे कुठं येत होते?"

मामानं डोळे मिटले. मोठेबाबांनी बोट वर केलं, "प्रश्न शब्दाचा नाई, प्रश्न हा आहे का विश्वास कोणाचा..."

आईनं हातातली थाळी खाली ठेवली.

"शेवंता, पाणी गार होतं का?"

"गार काऊन टाकीन बाई? पौष होता. कोमट करून टाकलं."

आई आत गेली. अर्धा विणलेला स्वेटर घेऊन आली, सुया काढल्या आणि उसवायला बसली. लोकरीचं टोक तिनं मावशींच्या हातात दिलं. मावशी गुंडाळत राहिल्या.

"पण ताई, ते शब्द..." मामा म्हणाला.

"जोसेफ, पाय उचल. लोकर अडकून राह्यली."