लाल गोळी आणि अर्धा कप

हिंगणघाटात आमचं पुढं कापडाचं दुकान आणि मागं घर. दुकानात गिऱ्हाईक टेकलं की आतून चहा जायचा, आणि त्या चहाची मालकीण मी. तेव्हा पंचेचाळिशीची होते. अक्कल चिमूटभर, ताठा पातेलंभर. पत्ती उकळून उकळून काळी करायची, मग दूध. कोणी ‘नको’ म्हटलं की माझं तोंड असं उतरायचं, जणू त्यानं माझ्या माहेराचा उद्धार केला. मग मी म्हणायची, ‘बरं, अर्धा तरी घ्या.’ अर्ध्याला आमच्याकडं कोणी चहा धरतच नाही.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रक्त कमी होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी लाल गोळ्या दिल्या. गोळीनं तिला मळमळायचं. मी हुशार बाई, तोड काढली.

‘घे माय, चहासंगं गिळ. पोटात गेलेली कळतबी नाई.’

सकाळी कपभर, संध्याकाळी कपभर, मधे डोळा जड झाला की अर्धा. रात्री तिला झोप येईना, तर मीच समजूत घालायची, ‘लेकरू लाथा मारून राह्यलं, झोप कशी येईन?’ झोप उडवणारं पातेलं माझ्याच हातात होतं.

पुन्हा रक्त तपासलं. आकडा जागचा हललेला नाही. मी दवाखान्यातच डाफरले, ‘तुमच्या गोळ्याच खोट्या असतीन!’ डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी जिंकल्यासारखी घरी आले आणि चहा टाकला.

बाळ दिवस भरायच्या आत आलं. मुलगी होती. पाच दिवस राहिली. लेकीला रक्त चढवावं लागलं, ती वाचली. पुढं तिला मूल झालं नाही.

काही वर्षांनी माझंच रक्त कमी निघालं. नर्सबाई गोळ्या देताना म्हणाली, ‘काकू, चहासोबत घेऊ नका. चहा गोळीचा गुण लागू देत नाही.’

‘गरोदर बाईनं घेतली तर?’

‘तिनं तर मुळात चहाच बेताचा प्यावा.’

मी डॉक्टरांकडं गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘एवढ्याच एका गोष्टीनं तसं होत नाही, काकू.’ ते ‘एवढ्याच’ मी अजून चघळते आहे. गिळवत नाही, थुंकवत नाही.

लेकीला सांगायची हिंमत व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. एका दिवाळीत ती आली, आम्ही दोघीच ओट्यापाशी बसलो होतो. मी एका दमात बोलून टाकलं. ती चहावर फुंकर मारत राहिली.

‘मले तवाच मालूम होतं, आई. गोळ्या देतानीच नर्सबाईनं सांगतलं होतं.’

‘मंग काऊन पेली वं?’

‘नाई म्हटलं की तू तोंड पाडून बसायची. तुले वाईट वाटू नये म्हणून. मले वाटलं, चहानं काय होते?’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

तिचा कप संपला. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘अजून अर्धा घेशीन?’

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि कप पुढं केला.