बारा फुटी गाळा

गॅरेजमधले किस्से म्हणजे जुन्या नटबोल्टचा डबा रे. टाकवत नाही, कामालाही येत नाही, आणि एक काढायला जावं तर हाताला दहा लागतात. परळला दत्तूच्या गॅरेजमध्ये मी चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं. डबा फुल्ल आहे!

आज लिफ्टचा काढतो. म्हणजे गाडी वर उचलायची लिफ्ट. आधी पैज लावा. दत्तूला ती लिफ्ट कितीला पडली? रुपयात सांगायचं नाही. बघू कोण ओळखतो. चहा माझ्याकडून!

*

दत्तू आयुष्यभर गाडीखाली. पुठ्ठा टाकायचा, त्यावर उताणा, आणि सरपटत आत. गिऱ्हाइकांना त्याचा चेहरा माहीत नव्हता, पाय माहीत होते. एकदा नवा पोस्टमन आला, पायांनाच बोलला, "ओ पायवाले, सही करा!"

मी काय करायचो, त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवायचो. बाहेर आला, उभा राहिला, की धप्प! शिव्या काय घालायचा! मालवणी. एकेक शिवी हातभर लांब.

मग एक दिवस नाड्या न बांधताच तो उठेना. चौघांनी धरून उभा केला. डॉक्टरनं फोटो बघितला. बोलला, "कमरेचे मणके झिजलेत. गाडीखाली आडवं पडायचं बंद. जमत नसेल तर गॅरेज बंद करा आणि गावाला जाऊन बसा."

दत्तू बोलला, "गावाला बसून काय करू डॉक्टर? माडाला ऑइल घालू?"

डॉक्टर हसला नाही. मीही नाही. तिथंच ठरलं. गाडी वर, दत्तू खाली उभा. लिफ्ट आली तर गॅरेज राहील, नाहीतर गेलं.

*

आता मधेच एक जुना सांगतो, त्याशिवाय पुढचा कळणार नाही.

हा गाळा आधी दत्तूच्या वडलांची कोळशाची वखार. तेव्हा शटर नव्हतं, पुढची अख्खी बाजू फळ्यांची. भाद्रपद आला की फळ्या काढायच्या, कोळसा हलवायचा, भिंतींना चुना मारायचा, आणि आमच्या मंडळाचा गणपती तिथंच बसायचा.

एका साली पलीकडच्या गल्लीवाल्यांनी अकरा फुटी मूर्ती आणली. आमची पोरं रडकुंडीला. मी तेव्हा सतरा वर्षांचा, चौथीतून पळालेला. अक्षरांशी माझं जमत नाही, पण आकडे येतात. भर दुपारी सगळे जेवायला गेले तसा मी ब्रश घेतला, आणि मंडळाच्या बोर्डावर मूर्तीच्या उंचीपुढं मारला १२!

खरी किती होती? दहा. ती पण मुकुट धरून. पण देवावर चढून मोजतोय कोण?

तेव्हापासून आम्ही बारा फुटी. पावतीवर बारा, बॅनरवर बारा, म्हाताऱ्यांच्या गप्पांत बारा. मी चौथीतच राहिलो, पण माझा आकडा कुठच्या कुठं पोचला!

दत्तू तेव्हा दहा वर्षांचा. बोर्डाखाली उभा राहून मान वर करून बघत राहायचा.

*

तर लिफ्ट. वडाळ्याला एक गॅरेज बंद होत होतं, त्यांची जुनी लिफ्ट मिळत होती. दत्तूनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडून पहिलाच सवाल, "छत किती फूट आहे?"

दत्तू बोलला, "छत? अहो, बारा फुटी गणपती बसायचा आमच्याकडं!"

"तसं नको, मोजून सांगा. खांब पावणेबाराचे आहेत."

दत्तूनं फोनवर हात ठेवला. माझ्याकडं वळला. "बारा होती ना रे मूर्ती? तू तर दहा दिवस तिथंच लोळत असायचास."

बाजूला मंडळाचे अध्यक्ष चहा पीत बसलेले. मोजायची टेप समोरच्या खिळ्याला लटकत होती. दोन पावलं.

मी बोललो, "मुकुट धरून बारा! वर हार लटकायची जागा वेगळी!"

अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. दत्तू फोनवर बोलला, "पाठवा!"

मला वाटलं, आणायच्या आधी कोणीतरी मोजेलच. मापं घेणारी माणसं ना आपण सगळी!

*

टेम्पो आला. अर्धी चाळ गॅलरीत. फिटरनं साखळी लावून पहिला खांब उभा करायला घेतला. खांब उठला, उठला, आणि तिरकाच अडकला. वरच्या लोखंडी गर्डरला ठाण्ण! खाली सगळ्यांच्या डोक्यावर चुना.

वरच्या खोलीत सावंतकाकू राहतात. त्या आतून ओरडल्या, "कोण रे ता? दार बाजूक आसा!"

गल्ली लोळायची बाकी राहिली.

फिटर हसला नाही. त्यानं टेप लावली. "साडेदहा."

अध्यक्ष बोलले, "असं कसं? बारा फुटी मूर्ती बसायची इथं!"

दत्तू छताकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. मी डोक्यावरचा चुना झटकत होतो. बराच वेळ झटकला.

दत्तू अध्यक्षांना बोलला, "मूर्ती बाराचीच होती. तेव्हा जमीन खाली असेल. माझंच चुकलं, टेप मी चुकीची धरली."

टेप त्यानं धरलीच नव्हती. ते त्याला माहीत आणि मला.

त्या दिवसापासून गल्लीत त्याचं नाव पडलं, टेपवाला. पोरंटोरं विचारायची, "टेपवाले, माझी उंची किती?" दत्तू हसायचा. मी सगळ्या गल्लीची टर उडवलेला माणूस, पण ती हाक मी एकदाही मारली नाही.

*

वडाळ्याचं गॅरेज बंद झालेलं, परत घेणार कोण? मग जुगाड. खांब दीड फूट कापले, परत उभे केले. नारळ फोडला. गाडी वर गेली ती दत्तूच्या छातीपर्यंत, आणि थांबली.

एक टॅक्सीवाला बघून बोलला, "दत्तूभाई, ये लिफ्ट है या स्टूल?"

आडवं पडायला फार वर, उभं राहायला फार खाली. स्टुलावर बसून केलं तर पान्याला जोर लागेना. म्हणून दत्तू कमरेत वाकून, मान तिरकी करून. सकाळी नऊपासून. दोन वर्षं.

मी बोललो, "बंद कर रे. गावाला जा."

बोलला, "आडवा नाही ना पडत? डॉक्टरचं ऐकतोय मी."

*

हळूहळू तो वाकलेलाच घरी जायला लागला. रस्त्यात पडलेला खिळा पहिला दत्तूला दिसायचा. मी चिडवायचो, "महापालिकेनं तुला पगार द्यायला पाहिजे!"

मग दहीहंडी आली. नाक्यावर गर्दी, थर लागत होते. दत्तू माझ्या बाजूला, नजर लोकांच्या चपलांवर. बोलला, "मान वर होत नाय रे. तू सांग, किती लागले?"

मी बोललो, "आठ!"

त्यानं माझी बाही ओढली. मग बोलला, "खरं सांग."

ढोल वाजत होते. मी त्याच्या कानाजवळ तोंड नेलं.

"सहा."

"हां," दत्तू बोलला. "सहा पण काय कमी नाय."

*

शेवटचा. आमच्या सगळ्या किस्स्यांत हा माझा नंबर एक.

दत्तूच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा गॅरेजला कुलूप लावून आम्ही त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेला. मी आणि वहिनी. आत नर्सबाई वजन-उंची घेत होती. भिंतीला पट्टी. दत्तूला पाठ लावून उभा केला.

बाई बोलली, "काका, सरळ उभे राहा."

दत्तू बोलला, "राहतो."

बाई थांबली. परत बोलली, "काका, सरळ."

"बाई," दत्तू बोलला, "हा सरळच आहे."

बाईनं मग त्याच्या डोक्यावर फळी टेकवली. वाचलं, "पाच फूट दोन."

वहिनी पुढं झाली. पदर तोंडाशी धरून हळू बोलली, "चुकलं असेल हो. परत बघा ना. लग्नाआधी पोलीस भरतीला गेलेले हे. पळण्यात गेले, पण उंचीत पास होते. पाच-पाच भरलेले."

बाईनं परत फळी टेकवली. दत्तूनं दोन्ही हातांनी भिंत धरली आणि जेवढा होता तेवढा ताणला. मी त्याच्या काखेत हात घातले होते. हलका झाला होता रे.

बाईनं कागदावर लिहिलं. पाच-दोनच.

तीन इंचाला पडली लिफ्ट.