विदुला आणि दवण्याचं तेल

फोन समीरचा होता, विदुलाच्या नवऱ्याचा, मंगळवारी सकाळी. "नलूताई, विदुला गेली." मेंदूत रक्तस्राव, तासाभरात सगळं आटोपलं... आणि मला रडू यायच्या आधी रागच आला. माझ्यावर रुसलेली असताना अशी कशी जाते ही? सव्वा महिना झाला, राग अजून उतरलेला नाही. घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही.

नोएडात आमची दारं समोरासमोर. मी पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे येऊन रिकामी झालेली. ती सांगलीची, वनस्पतींच्या तेलांचा नैराश्यावर काही उपयोग होतो का, हे तपासणारी. तिची आई वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून पडून असायची. चैत्रात घरात दवणा आला की तेवढी उठून बसायची. त्या दवण्यात खरंच काही आहे का, हे विदुलाला एकदाचं कळायला हवं होतं. पण "आईची आठवण म्हणजे पुरावा नव्हे," असं स्वतःलाच बजावायची.

प्रयोग उंदरांवर होता. काहींना दवण्याच्या तेलाची वाफ, काहींना बिनवासाच्या तेलाची. मग एकेकाला पाण्याच्या काचपात्रात सोडायचं. हातपाय मारणं सोडून तो नुसता तरंगायला लागला की घड्याळ सुरू करायचं. तरंगणं जितकं कमी, तितकं तेल गुणकारी. मेख अशी, की कोणत्या उंदराला काय दिलंय हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, आणि उंदराच्या अंगाला लागलेला दवण्याचा वास तर लपत नाही. माणसाऐवजी मोजणाऱ्या कॅमेऱ्याची मंजुरी कागदांत अडकलेली. एक दिवस ही आमच्या दारात हजर.

"तुला कोविडपासून वास येत नाही ना?"

"नाही. का गं?"

"मग चल यार, तूच हवीस मला!"

माझ्या व्यंगाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

मी घड्याळ घेऊन बसायला लागले. उंदरांना हात लावायची परवानगी नव्हती, नुसतं बघायचं. तरी किती वर्षांनी मला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं! आणि एका सकाळी काचपात्राजवळ वाकले, तर दवणा आला... आधी पुसट, मग भरभरून. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर माझी खुर्ची गेली असती, म्हणून गप्प बसले. त्यानंतर दवण्याचा उंदीर तरंगायला लागला तरी वाटायचं, पाय हलला बहुतेक, आणि अंगठा जरासा थांबायचा. मुद्दाम? आजही मला शपथेवर सांगता येणार नाही.

निकाल दवण्याच्या बाजूने लागला. विदुला पेढे घेऊन आली तेव्हा मात्र राहवेना, सगळं ओकून टाकलं. तिने पेढ्यांचा डबा बंद केला.

"किती दिवस झाले वास यायला लागून?"

"दोन आठवडे."

"आणि मला सांगितलं नाहीस. अगं, मी नाचले असते..."

माझी सगळी निरीक्षणं तिने बाद केली. भांडून कॅमेरा मिळवला, प्रयोग पुन्हा लावला. मी बेल वाजवली की दार समीर उघडायचा, "ती कामात आहे" म्हणायचा. मग तो मंगळवार आला.

गेल्या आठवड्यात तिची सहायक रुखसाना घरी आली. "दीदी, दूसरी बार का काम पूरा हो गया. कोड का लिफाफा मॅडम आपके लिए रख गई थीं. बोली थीं, नलू ही खोलेगी." पाकिटावर विदुलाचंच अक्षर. मी ते फोडलं, कोणत्या उंदराला काय दिलं होतं त्याची यादी रुखसानाच्या हातात दिली. तिने तिथेच बसून आकडे लावले. दोन्ही गटांत काहीही फरक नव्हता. म्हणजे आधीचा विजय दवण्याचा नव्हता, माझ्या अंगठ्याचा होता. विदुलाला हे कळलं असतं तर ती दोन दिवस जेवली नसती, आणि तिसऱ्या दिवशी दुसरं तेल काढून बसली असती.

पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती. 'नले, तुला आता वास येतो, म्हणून घड्याळ कॅमेऱ्याकडे दिलंय. तू मात्र रोज ये.'

रोज ये, म्हणे. कुठे येऊ गं?