आग्नेय कोपऱ्यातली फरशी

ती घटना मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ती काही गेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेच आज आठवतही नाहीत. हे प्रकरण तर साध्या घरचोरीचं होतं. ना त्यात कोणी मेलं, ना कोणाला शिक्षा झाली.

साठच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, सावद्याच्या बाजूचा केळीचा पट्टा एवढं पुरे. तिथल्या एका गावात एक केळीचे व्यापारी राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. मनाने वाईट नव्हते, पण राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि त्यात रंगीत नक्षीची फरशी बसवायचं काढलं होतं. त्या काळी आमच्याकडे फार तर शहाबादी घालत, नाहीतर जमीन सारवत. त्यामुळे नानांची फरशी हा गावात बोलण्याचा विषय झाला होता.

फरशी निवडण्यातच त्यांचे दोन महिने गेले. नानांना मोझॅक हवी होती, बायकोला लाल-पिवळी फुलं हवी होती. म्हाताऱ्या आईला, तिला सगळे अक्का म्हणत, काहीच नको होतं. "सारवलेल्या जमिनीवर दोन पिढ्या जेवल्या, कोणाचं काय बिघडलं?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. शेवटी बायकोची फुलं ठरली. चार फरश्या जोडल्या की मधे एक पुरं फूल व्हायचं. बसवायला धुळ्याकडचा एक मिस्त्री आणला. माल कालवायला आणि घमेली उचलायला त्याची बायकोच होती. नवरा-बायको नानांच्या मागच्या पडवीत राहत.

काम निम्म्यावर आलं असताना नाना आणि त्यांची बायको दोन दिवस पाचोऱ्याला लग्नाला गेले. घरात अक्का आणि कामावर ही दोघं. परत आल्यावर बाईंनी ट्रंक उघडली, तर पाटल्या आणि पोत जागेवर नाहीत. त्यांनी हंबरडा फोडला, शेजारपाजार गोळा झाला आणि नानांनी मिस्त्रीची गचांडी धरली. तासाभरात फिर्याद माझ्या टेबलावर होती. कलम ३८० लावलं.

वर खबऱ्याचीही टीप आली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री गाठोडं घेऊन मोटारीत बसताना दिसला होता. मला तेवढंच पाहिजे होतं. मिस्त्री म्हणाला, गाठोड्यात फुटलेल्या फरशीचे तुकडे होते, त्याच रंगाच्या फरश्या मिळतात का ते बघायला जळगावला कारखान्यावर गेलो होतो. कारखान्यावर माणूस पाठवून हे तपासायला अर्धा दिवस पुरला असता. मी माणूस पाठवला नाही. परमुलखातला गडी, घरात वावर, हातात गाठोडं. माझ्या मनात तपास संपला होता.

कोर्टाने चार दिवसांची कोठडी दिली. पुढचं कसं लिहावं हे मला कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. मी स्वतः काठी उचलली नाही. हवालदाराकडे बघून नुसती मान हलवली आणि बाहेर येऊन स्टेशन डायरी लिहीत बसलो. आतला आवाज ऐकू येत होता.

त्याची बायको रोज भाकरी बांधून आणायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसायची. दुसऱ्या दिवशी तिने मला अडवलं. रडत नव्हती. "साहेब, त्यास्ले मारा ते मारा," ती म्हणाली, "पन हातवर मारू नका." मी आत जाऊन पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी पडली होती.

तिसऱ्या दिवशी त्याने कबूल केलं. दागिने नदीकाठी पुरले म्हणाला. पंच घेऊन आम्ही नदीकाठ उकरला, काही निघालं नाही. मग म्हणाला, धुळ्याला विकले. कोणाला, ते सांगता येईना. माझा संताप झाला. ट्रंकेपाशी कसा पोचलास ते पंचांसमोर दाखव म्हणून चौथ्या दिवशी मी त्याला नानांच्या घरी नेलं.

मधल्या खोलीत ट्रंक होती. तिकडे जाताना स्वयंपाकघरावरून जावं लागे. तिथे तो थबकला आणि खाली बघू लागला. हवालदाराने ढकलला तरी हलेना. आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी उलट्या दिशेने बसली होती. बाकीची फुलं पुरी होती, त्या कोपऱ्यातलं मात्र मोडलं होतं. चौथी पाकळी भिंतीकडे तोंड करून होती.

"ही तूच बसवलीस ना?" मी विचारलं.

चार दिवस ज्या माणसाने वर मान केली नव्हती, त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. "माले चोर म्हना, साहेब. मी चोर शे. पन हाई फरशी मी बसाडेल नही."

न केलेली चोरी ज्याने कबूल केली होती, त्याला वाकडी फरशी कबूल करवत नव्हती. इतक्या वर्षांत खरं बोलणारा माणूस मी इतका जवळून पाहिला नव्हता.

त्याने खाली बसून डाव्या हाताच्या बोटाने फरशी वाजवली. आवाज बद्द आला. मग त्याने सांगितलं. वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरतात, म्हणून तेवढी एक फरशी त्याने माल न लावता नुसती वाळूवर ठेवली होती, पण ठेवली होती सरळ. कोणीतरी ती काढून परत ठेवली होती. मी वाकून पाहिलं. बाकीच्या सांध्यांत सिमेंट होतं, या फरशीच्या सांध्यांत शेण लिंपलेलं होतं.

शेण पाहिलं आणि माझी नजर आपोआप चुलीजवळ गेली. तिथे अक्का बसली होती. तिने मान खाली घातली आणि तोंडाला पदर लावला.

फरशी उचलली. वाळूखाली फडक्यात गुंडाळलेला तांब्या आणि तांब्यात पाटल्या, पोत, सगळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

अक्काने जन्मभर सोनंनाणं जमिनीत पुरून वर सारवलं होतं. घरात परका माणूस आणि मुलगा-सून गावाला, म्हणून तिने सुनेचे दागिने ट्रंकेतून काढून स्वयंपाकघरात उरलेल्या एकुलत्या मातीत पुरले आणि सवयीने वरून शेण लावलं. सून परत आल्यावर देणारच होती. पण सुनेने तिच्याआधी ट्रंक उघडली, नानांनी गचांडी धरली, माणसं जमली आणि अक्काची जीभ टाळ्याला चिकटली.

"चार दिवस का बोलला नाहीत, अक्का?" मी विचारलं.

"पोराच्या रागाला भ्याले रे भाऊ. मला वाटलं, दोन दिवस बसवून घेतील अन् देतील सोडून त्याला."

नानांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, घरातली गोष्ट घरातच राहू द्या." मिस्त्रीकडे त्यांनी पाहिलंही नाही. राहिलेलं काम त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. ज्याला पोलिसांनी नेलं त्याला परत घरात कसं घ्यायचं, लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. गुन्हा घडलाच नव्हता म्हणून प्रकरण बंद करायची समरी मी कोर्टात पाठवली. कागद स्वच्छ झाले.

सोडताना मिस्त्री माझ्या टेबलासमोर उभा राहिला. बोटांना चिंधी बांधली होती. "आते मी जाऊ का, साहेब?" मी मान वर न करता म्हणालो, "जा."

निवृत्तीच्या सुमारास मी जळगावात पिंप्राळ्याला लहानसं घर बांधलं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. फरशी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने सांगितलं, स्वयंपाकघरात गुळगुळीत घेऊ नका, आणि दहा-बारा फरश्या जास्त घेऊन ठेवा, तोच रंग पुन्हा मिळत नाही. मिस्त्री कोणी चांगला आहे का विचारलं तर तो हसला. "एक आहे. डावखुरा. हात फार चांगला, पण जरा विचित्र. शहाण्या घरात टिकत नाही." मी म्हणालो, पाठवा.

सकाळी तो दारात उभा होता. मागे बायको, डोक्यावर घमेलं. केस पिकले होते. मी ओळखलं. त्याने मला माझ्याही आधी ओळखलं असावं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तो उंबरठ्याच्या बाहेरच थांबला.

"साहेब, पहिले पंचनामा करा. घरमा काय काय शे, बठ्ठं लिखी ल्या. दोन पंचस्न्या सह्या ल्या. मंग मी घरमा येस."

प्रत्येक घरी तो असंच करायचा, हे मला नंतर दुकानदाराकडून कळलं. लोक हसत, कोणी चिडून हाकलून देत. ज्यांना गरज असेल ते लिहून देत. पंचनामा हा शब्द तो माझ्या ठाण्यात शिकला होता.

मी कागद घेतला. शेजारचे दोघे बोलावले. ट्रंका तीन, तांब्याची भांडी नऊ, बायकोच्या अंगावरचे दागिने, भिंतीवरचं घड्याळ. आयुष्यात शेकडो पंचनामे लिहिले, पण त्या दिवशी माझं अक्षर मलाच वाचता येईना. त्याने खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला.

काम आठ दिवस चाललं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. माझ्या बायकोने रोज चहा दिला. त्याने घेतला, त्याच्या बायकोने एकदाही कपाला हात लावला नाही. बोलायचं म्हणून मी रोज सकाळी ठरवायचो आणि रोज फरशीची चौकशी करून परत फिरायचो. दमदार आवाजाचा अधिकारी म्हणून माझी ख्याती होती.

शेवटच्या दिवशी त्याने शेजारच्यांना पुन्हा बोलावलं आणि यादीप्रमाणे सगळं मोजायला लावलं. सगळं जागेवर होतं. मग हत्यारं पोत्यात भरून तो माझ्यासमोर उभा राहिला, टेबलासमोर उभा होता तसाच.

लोक मला विचारतात, तीस वर्षांत काय शिकलात. कबुली मिळवायला फार अक्कल लागत नाही, एवढं शिकलो. आपली चूक कबूल करणं मात्र मला कोणत्याही कोठडीत कोणी शिकवलं नाही.

"आते मी जाऊ का, साहेब?" त्याने विचारलं.

माझ्याच अंगणात, एक मोकळा माणूस मला जायची परवानगी मागत होता. माझ्या तोंडून पुन्हा तेवढंच निघालं, "जा."