इल्लू, ओव्हर

१९७१च्या जानेवारीत आमची कंपनी सोलापूरबाहेर, अक्कलकोट रस्त्याला लागून असलेल्या माळावर सरावासाठी उतरली होती. पहाटे पीटी, मग परेड, दुपारी नकाशावाचन, संध्याकाळी व्हॉलीबॉल. आजूबाजूच्या शेतांत ज्वारी हुरड्यात आली होती. वारा फिरला की भाजलेल्या कणसांचा वास थेट तंबूंपर्यंत येई. मी तेव्हा हवालदार होतो. एक सेक्शन माझ्याकडे होता.

सेक्शनमध्ये दोन जवान याच जिल्ह्यातले होते. शिपाई नरसय्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराचा मुलगा. शिपाई मल्लप्पा अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याचा. त्याच्या घरी कन्नड. दोघे एकमेकांशी मराठीत भांडत.

नरसय्याचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि रजा मिळत नव्हती. सराव संपला की कंपनी सीमेकडे हलणार होती. एकदा हलली की लग्न वर्षभर पुढे गेलं असतं. सरावाचा शेवटचा भाग ओलिसांच्या सुटकेचा होता. मेजर साहेब पुण्याचे होते. त्यांनी नरसय्याला स्काउट नेमलं आणि सांगितलं, "ओलीस सोडवून आण. मग तूही सुटलास."

"आणि नाही सुटले तर, साहेब?"

"तर नवरीला पत्र लिही."

तंबूत मल्लप्पा म्हणाला, "काय रं नरश्या, तू वरातीच्या घोड्यावर बसायच्या आत घोडंच पळालं की!"

"पळू दे. तुला बांधतो मांडवात," नरसय्या म्हणाला.

सरावाची मांडणी सोपी होती. माळाच्या टोकाला एका शेतकऱ्याचं कौलारू घर होतं आणि थोड्या अंतरावर दगडी गोठा. मालकाची परवानगी घेतली होती. आमच्याच कंपनीची एक प्लॅटून शत्रू झाली. तिला रेड पार्टी म्हणत. तिने तीन जवान ओलीस धरून घरात किंवा गोठ्यात ठेवायचे. कुठे, ते स्काउटने पाहून वायरलेसवर कळवायचं आणि आम्ही त्याच इमारतीवर धडक मारायची. गोळ्या खोट्या, नियम खरे. इमारत चुकली तर ओलीस मेले.

अडचण एकच होती. रेड पार्टीही आमचा वायरलेस ऐकत होती आणि तिच्यातले सगळे सातारा-कोल्हापूरचे होते. मराठी, हिंदी उपयोगाची नव्हती. मेजर साहेबांनी तोड काढली: नरसय्याने तेलुगूत बोलायचं. ही योजना तेलुगू जाणणाऱ्या ज्या ऑपरेटरबरोबर ठरली, तो आदल्या संध्याकाळी तापाने आडवा झाला. सेट मल्लप्पाच्या पाठीवर आला.

"नरसय्या तेलुगूत सांगेल. समजेल ना?" मेजर साहेबांनी विचारलं.

"समजंल की, साहेब. सोलापूरचाच हाय मी."

सोलापुरात आपल्याला सगळ्या भाषा येतात असं प्रत्येकाला वाटतं. बाजारात ते खपूनही जातं.

उजाडताना आम्ही ओढ्यात दबा धरून बसलो. नरसय्या ज्वारीतून आधी घराकडे सरकला होता. सेट खरखरला.

"इल्लू. इल्लू. ओव्हर."

मल्लप्पाने हेडफोन कानावर दाबला. "साहेब, न्हाईत म्हणतोय. घरात कुणी न्हाई."

"नक्की?"

"दोनदा म्हणाला, साहेब."

"मग गोठा," मेजर साहेब म्हणाले. "चार्ज!"

आम्ही गोठ्यावर धावलो. मी दाराला लाथ घातली. आत ओलीस नव्हते. आदल्या रात्री वस्तीला आलेल्या धनगराची मेंढरं होती. ती एकदम बाहेर पडली. पहिला धक्का मला बसला, दुसरा मेजर साहेबांना. धनगर घोंगडं सावरत मागून ओरडत आला.

"आरं, मेंढरं हायती ती! त्यांच्यावर काय बंदुका रोखताय? ती काय पाकिस्तानची हायती व्हय?"

तेवढ्यात घरातून रेड पार्टीची शिट्टी वाजली. पंच म्हणून आलेल्या कॅप्टन साहेबांनी तिन्ही ओलीस मृत घोषित केले. आम्ही घरात गेलो तेव्हा मृत ओलीस शेकोटीभोवती हुरडा खात होते. त्यांतल्या एकाने मालकिणीकडे आणखी शेंगाचटणी मागितली. नरसय्या दारात उभा होता. तो हसत नव्हता.

चौकशी तिथेच अंगणात झाली. सराव पाहायला आलेले पलटणीचे प्रमुख, सीओ साहेब, पंजाबी होते, कडक म्हणून प्रसिद्ध.

"मिशन फेल क्यों हुआ?"

नरसय्या सावधान झाला. "साब, मैंने इल्लू बोला. तेलुगू में इल्लू माने घर."

मल्लप्पाचा चेहरा पडला. "साब, मैंने इल्ला सुना. कन्नड में इल्ला माने नहीं."

सीओ साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मग माझ्या पँटवरच्या लेंड्यांकडे. त्यांची मिशी हलली. मग ते मोठ्याने हसले आणि मृत ओलिसांसकट सगळी कंपनी हसली.

हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इस जवान को तेलुगू कौन सिखायेगा?"

"मैं, साब," नरसय्या म्हणाला.

"कहां?"

नरसय्याने क्षणभर विचार केला. "साब, शादी में सब तेलुगू ही बोलते हैं."

सीओ साहेब मेजर साहेबांकडे वळले. "भेज दो दोनों को. ट्रेनिंग है." माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "और ये देखेगा कि ट्रेनिंग हो."

ट्रेनिंग झालं. मांडवात नरसय्याच्या मावश्यांनी मल्लप्पाला घेरून शब्द घोकवले. पाणी, भात, सून हे शब्द त्याला आले. घर आलं नाही. नवरी पद्मा उंबऱ्याशी आली तेव्हा 'सून घरी आली' असं तेलुगूत ओरडायचं काम त्याच्यावर टाकलं होतं. तो छाती फुगवून ओरडला आणि घराच्या जागी नेमकं "इल्ला" म्हणाला.

"अगंबाई, लग्न लागलं आणि सून न्हाईच म्हणतोय हा!" शेजारच्या कानडी आजी म्हणाल्या.

पद्मा डोक्यावरचा पदर सावरत हसली. "भाऊजी, इल्लू."

"तेच की वैनी. इल्ला."

तेव्हापासून ती त्याला चिडवायला घराला इल्लाच म्हणू लागली. पंगतीत मल्लप्पाने इतके लाडू खाल्ले की नरसय्या म्हणाला, मेंढरं परवडली.

त्याच वर्षी डिसेंबरात, पश्चिम सीमेवर, मल्लप्पा गेला. सेट त्याच्या पाठीवर होता आणि चालू होता. नरसय्या शेजारच्या खंदकात होता. त्यानेच त्याला मागे आणलं.

नरसय्या पुढे फौज सोडून मागावर बसला. मागाच्या वरच्या भिंतीवर मल्लप्पाचा गणवेशातला फोटो आहे. दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत मल्लप्पाचे वडील कणसांचं गाठोडं घेऊन एसटीने येतात. त्या दिवशी मीही जातो. म्हातारा गल्लीतूनच हाक देतो, "मन्याग यार अदीरी?" घरात कोण आहे?

पद्मा आतून ओरडते, "इल्ला!"

एका वर्षी समोर नवीन बिऱ्हाड आलं होतं. तिथली कानडी बाई दारातच होती. तिने म्हाताऱ्याला अदबीने थांबवलं. "आजोबा, घरात कुणी न्हाई म्हणतायत."

म्हाताऱ्याने वहाणा काढल्या, गाठोडं उचललं.

"ह्या घरात इल्ला म्हंजे आत हाय, बाई," तो म्हणाला आणि आत गेला.